पुढे वासरू, मागे गाय

वारूळवाडी
१२ मार्च २००३

चि. सुदर्शन,

तुला एक आजी आहे. विसरला असशील म्हणून खूण सांगते. नाव साळुबाई, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, माहेर तळेघर, आणि तुझ्या जीपमध्ये पुढच्या शिटावर बसायचा हक्क फक्त तिचा. आता आठवलं का, का फोटो काढून धाडू?

दोन वर्षं झाली तुला जाऊन. तेवढ्यात तू मला नऊ कार्डं धाडलीस. एका बाजूला चित्र, दुसऱ्या बाजूला पत्ता, आणि मजकुराच्या जागी पांढरं रान. पोस्टमन म्हणाला, "आजी, पोरानं कायच लिव्हलं न्हाई." मी म्हटलं, "त्याला ठावं हाय आजीला वाचता येत न्हाई. कशाला शाई नासंल तो?" बर्फाचे डोंगर आले, देवदाराची झाडं आली, नदीत उभे राहिलेले हत्ती आले. सगळी भिंतीला चिकटवलीत. एकात वाघ होता. तेवढं एक पिठाच्या डब्याखाली ठेवलंय.

हे पत्र हर्षाली लिहिते आहे. तुझी बहीण आता कॉलेजात जाते, त्यामुळे मी बोलते त्याला आधी इस्त्री करते, मग कागदावर ठेवते. मी 'व्हतं' म्हटलं की ती 'होतं' लिहिते. शिव्या गाळूनच टाकते. त्या तुझ्या तू घालून घे.

आदेश बरा आहे. तुझी वहिनी आरतीही बरी आहे, म्हणजे जेवते, रानात जाते, विचारलं तर उत्तर देते. तुझ्या जीपवर गोणपाट टाकलंय. एक कोंबडी खिडकीतून आत शिरते आणि पुढच्या शिटावर अंडं घालते. माझी जागा गेली बघ.

त्या जागेवर बसून मी काय काय पाहिलं! पुण्याची माणसं मागं कोंबून तू निघायचास, आणि मी गाइड. माळशेजला पाऊस खालून वर उडतो तिथं त्या बाया किंचाळायच्या, मी म्हणायचे, "घाबरू नका, त्यो वर जाऊन परत खालीच येतो, कुटं जातोय." भीमाशंकरच्या जंगलात शेकरू दिसलं की ती माणसं एवढी गप्प व्हायची, जसं काही शेकरूच त्यांना बघायला तिकीट काढून आलंय. एकानं विचारलं, "आजी, तो समोरचा डोंगर कोणता?" मला कुठं ठाऊक? मी म्हटलं, "कुंडलिकाचा कडा." तुझ्या बापाचं नाव, दुसरं सुचलं नाही. त्यानं वहीत लिहून घेतलं. घाट उतरेपर्यंत तू हसत होतास.

झालं ते झालं. आदेशनं हात उचलला. मोठा भाऊ आहे, पोटची पोर गेलेली, तोल गेला त्याचा. तू एक शब्द उलट बोलला नाहीस आणि निघून गेलास. का बोलला नाहीस हे मी विचारत नाही.

बूथवरून फोन केला तर तू माझा आवाज ऐकून ठेवून देतोस. म्हणून हा कागद. मुक्ताबाईच्या जत्रेला ये. घरी नको येऊस वाटल्यास, पाळण्यापाशी उभा राहा, मी येईन तिथं.

तुझी,
साळुबाई आजी


वारूळवाडी
२९ एप्रिल २००३

सुदर्शन,

जत्रा झाली. मी पाळण्यापाशी दोन दिवस उभी होते. पाळणेवाल्याला वाटलं म्हातारीला बसायचंय. त्यानं फुकट बसवलं. वरून बघितलं तरी तू दिसला नाहीस.

काल जुन्नरचा दस्तगीर येऊन गेला. तुझा दोस्त, टोमॅटोचा ट्रक नेतो तो. तिकडं उत्तरेत हल्द्वानीच्या मंडईत माल उतरवून मुद्दाम रामनगरला, तू गाडी चालवतोस त्या हाटेलावर, तुला बघायला गेला होता म्हणाला. आल्या आल्या त्यानं सांगितलं, "आजी, बरा हाय." पाणी पिऊन झाल्यावर म्हणाला, "तसा बरा न्हाई." मग चहा घेतला आणि मला कोपऱ्यात नेऊन सगळं सांगितलं.

खाली जंगलात पाहुण्यांना हत्ती दाखवायला नेतोस तेव्हा शहाण्यासारखा चालवतोस म्हणे. पण वर डोंगरात, पाहुणे उतरवून रिकामी गाडी आणताना, तुझ्यात काय शिरतं कुणास ठाऊक. दरड पडली की बाकीचे ड्रायवर रांगेत थांबतात, तू दगडांवरून काढतोस. उताराला ब्रेकवर पाय ठेवत नाहीस. दोनदा गाडी कठड्याला घासली. मनगट मोडलंय, ते वाकडंच जुळलंय. दस्तगीर म्हणाला, "म्या त्याला इचारलं, मरायचंय का तुला? तर म्हणतो, माझ्या हातानं न्हाई मरणार, पर रस्त्यानं नेलं तर नेऊ दे."

अरे मेल्या. हे हर्षालीनं गाळलं तर मी पत्र फाडीन.

मला ठाऊक आहे तुझ्या डोक्यात काय बसलंय. गाव अजून तेच बोलतं. ऊसतोड चालू असताना आपल्या फडात वाघाची तीन पिल्लं सापडली, ती सुदर्शननं जीपमध्ये घातली, पुण्याच्या पाहुण्यांना मिरवून दाखवत भीमाशंकरला नेली, म्हणून वाघीण पिसाळली आणि चौथ्या दिवशी आदेशची चार वर्षांची इंदू अंगणातून नेली. फॉरेस्टवाले बिबट्या म्हणतात. आम्हाला वाघच.

हर्षाली थांबली आहे. नाक पुसते आहे. थांब जरा.

सुदर्शन, मला तुला काही सांगायचंय. पण ते हर्षालीच्या पेनातून सांगता येत नाही. तिला चहा टाकायला पाठवलं तर कागद कोरा राहतो, ती समोर बसली तर माझी जीभ कोरी राहते. लिहिता न येणाऱ्या माणसाला गुपित नसतं रे. त्याला एक तर गप्प बसावं लागतं, नाहीतर दोघांना सांगावं लागतं.

उतार लागला की ब्रेक दाब. एवढं तरी कर.

आजी


जुन्नर
१४ मे २००३

सुदर्शन,

हे अक्षर दस्तगीरचं. मी त्याच्या घरी बसले आहे. घरात सांगून आले की मोतीबिंदू दाखवायला जाते. दस्तगीरच्या बायकोनं, जहाँआरानं, एक चहा दिला, मग दुसरा दिला, मग ती म्हणाली, "आजी, डोळ्याचा डाक्टर आमच्या घरात न्हाई. काय झालंय?" पोर हुशार आहे.

तर ऐक. तुला ठाऊकच आहे, पण कागदावर कुठंतरी यायला हवं.

त्या दिवशी आदेश आणि आरती लग्नाला लोणीला गेलेले, तिच्या माहेरी. हर्षाली शाळेत. इंदू माझ्याजवळ झोपलेली. तोडणीवाल्यांनी आरडाओरड केली म्हणून तू गेलास आणि परत येऊन म्हणालास, "आजी, तीन हायेत. डोळं बी धड उघडलं न्हाईत. फॉरेस्टचा गार्ड येऊन गेला. म्हणतो, हात लावू नका, जागेवर ठेवा, आई येऊन नेती."

मी म्हटलं, "त्यानं किती गायी राखल्यात?"

दस्तगीर, हसू नकोस, लिही. मी तळेघरची. आमच्याकडं गाय रानात व्याली की तिला घरी हाकत बसत नाहीत. वासरू खांद्यावर टाकायचं आणि चालायला लागायचं. गाय हंबरत मागं येते, ओढ्यातून येते, काट्यातून येते. मी दहा वर्षांची असल्यापासून अशी वासरं आणलीत. खांदा ओला व्हायचा, पण गाय कधी मागं राहिली नाही. आणि वाघ तर डोंगरातला. वाघबारशीला आम्ही त्याच्या दगडाला खीर ठेवतो आणि सांगतो, बाबा, तुझं रान तिकडं, आमचं इकडं. तो उसात व्याला म्हणजे वाट चुकला, एवढंच मला कळलं. म्हटलं, पिल्लं डोंगरात पोचवली की आई मागनं जाईल. ऊसही मोकळा, वाघही घरी.

तू म्हणालास, "आजी, साठ-सत्तर किलोमीटर हाय." मी म्हटलं, "ती वाघीण हाय, म्हातारी न्हाई."

मीच पाटीत जुनं लुगडं अंथरलं. मीच पिल्लांना हळद-कुंकू लावलं, लेक बाळंतीण होऊन सासरी निघाली की लावतो तसं. तुझे भीमाशंकरचे पाहुणे नारायणगावला थांबलेले, त्यांना घ्यायचंच होतं, म्हणून पाटी त्याच जीपमध्ये गेली. मंचर, घोडेगाव, डिंभ्याचं धरण, तळेघर. पाहुण्यांनी फोटो काढले असतील. त्यांना काय ठाऊक.

गाय चालणाऱ्या माणसाच्या मागं येते, सुदर्शन. जीपच्या मागं कोण येणार? हे मला तुझी गाडी वळणावर दिसेनाशी झाली तेव्हाच कळायला हवं होतं. मला ते इंदू गेल्यावर कळलं.

आणि आदेश तुला ओट्यावर मारत होता, "पाव्हण्यांना दाखवायला नेलीस, माझी पोर खाल्लीस" म्हणत होता, तेव्हा तू माझ्याकडं एकदा बघितलंस. मी तोंडाला पदर लावून बसले होते. लोकांना वाटलं रडते. मी तोंड धरून ठेवलं होतं.

बस. एवढंच.

सुदर्शन, मी दस्तगीर. दोन ओळी माझ्या मनाच्या. हे पत्र पोस्टात टाकत नाही, पुढच्या मालाबरोबर हातानं आणतो. मी आजींना म्हणालो, माझ्या हातून लिहून काय फायदा, घरात सांगा. त्या म्हणाल्या, "भाऊ, तू लिही, उपदेश पोस्टात टाक." पण बोलताना सगळा वेळ त्या माझा गुडघा घट्ट धरून होत्या.


वारूळवाडी
२२ जून २००३, रविवार

सुदर्शन,

अक्षर बघून दचकू नको. तुझी वहिनी लिहितीय. आरती. इंदूची आई.

सकाळी तिला म्हणाले, "सुदर्शनला पत्र लिहायचंय, हर्षाली मंचरला गेलीय, तू लिही." ती म्हणाली, "त्या माणसाला मी लिहू?" मी म्हणाले, "तू फक्त हात दे. शब्द माझं." तिनं चुलीतली लाकडं मागं ओढली, मग वही घेऊन आली. ती इस्त्री करत न्हाई, तवा हे जसं निघंल तसं वाच.

दस्तगीर परवा परत आला. तुझा निरोप आणला. तू पत्र वाचून घडी घालून खिशात ठेवलंस आणि म्हणालास, "आजीला सांग, घरात अवाक्षर बोलू नको. ह्या वयात तिला भाईर काढली तर कुटं जाईल? माझं काय, माझ्यामागं कोण हाय?" आणि पावसात गाडी घेऊन वर गेलास. दस्तगीर थांब म्हणत व्हता.

म्हंजे तू माझ्यासाठी मरायला निघालायस. आणि मी इथं दोन वेळचं ताट खातीय.

आरती, आता हात थांबवायचा न्हाई. थांबला तर थांबू दे, पण आधी एवढं लिही.

पिल्लं सुदर्शननं नेली न्हाईत. म्यां नेववली. त्यो नको म्हणत व्हता. पाटी म्यां भरली, लुगडं माझं. पाव्हण्यांना दाखवायला न्हाई, वाघीण डोंगरात जावी म्हणून. म्यां चुकले. आदेशनं मारलं तवा म्यां गप बसले, कारण मला ह्याच घरात मरायचं व्हतं.

लिहिलं का? लिहिलं.

अजून एक हाय. हे तुलाबी ठाऊक न्हाई, सुदर्शन. कुणालाच न्हाई.

पिल्लं नेल्यावर तीन दिस दिवस कलला की फडातनं आवाज यायचा. करवत लाकडात घालून ओढावी तसा. मधीच बारीक, मांजरासारखा. म्यां डोंगरातली. मला पहिल्याच दिशी कळलं ती काय म्हणतीय. ती हाका मारत व्हती. तिसऱ्या दिशी आरती, तू भांडी घासता घासता मला इचारलंस, "आजी, हे काय वराडतंय?"

म्यां म्हणाले, "कोल्हा असंल."

वाघीण म्हणाले असते तर तू इचारलं असतंस, का वराडती. म्हणून कोल्हा म्हणाले. दुसऱ्या दिशी दिवस कलताना इंदू अंगणात खेळत व्हती.


२५ जून, बुधवार

त्या दिशी एवढं लिहून आरतीनं पेन खाली ठेवलं आणि उठून गेली. विहिरीवरची मोटर चालू करून तिथंच बसली. भिजवायचं रान नव्हतं, पाऊस पडून गेलेला. पाणी नुसतं बांधावरनं वाहत व्हतं.

तीन दिस झाले. माझं ताट हर्षाली पडवीत आणून देती, कुणी बोलत न्हाई. आदेशला आरतीनंच सांगितलं. म्यां आतनं ऐकलं. म्यां वाट बघत व्हते की येईल, शिव्या देईल, हाताला धरून भाईर काढंल. म्यां गठुडंबी बांधून ठेवलं, दोन लुगडी आणि मिश्रीची डबी. त्यो आला न्हाई. गोठ्यात जाऊन बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. सकाळी नारायणगावला गेला आणि बूथवरनं तीनदा रामनगरला फोन लावला. हाटेलवाला म्हणाला, गाडी वर गेलीय, रस्ता तुटलाय, पाच-सहा दिस खबर न्हाई. आदेशनं निरोप ठेवलाय, "भाऊ बोलतोय, फोन कर." एवढंच. त्यानं मला हे सांगितलं न्हाई, हर्षालीला सांगितलं, पर मला ऐकू यील असं सांगितलं.

आज दुपारी आरती आपण होऊन वही घेऊन आली. माझ्यासमोर बसली. म्यां म्हणाले, "पोरी, काय बोलायचं ते बोल मला."

ती म्हणाली, "त्या दिशी तुमी कोल्हा म्हणालात. दुसऱ्या दिशी आवाजाला भिऊन इंदू अंगणात जात नव्हती. म्यांच तिला म्हणलं, भिऊ नको बाय, कोल्हा हाय त्यो, जा खेळ."

हे तिनं स्वतः लिहिलं. म्यां लिही म्हणाले नव्हते.

मग वहीचं पान उलटून म्हणाली, "बोला फुडं. त्याला घरी आणायचंय ना?"

"तुला चालंल का?"

"मला काय चालतंय ते मला ठावं न्हाई. पर त्याला न केलेल्याचं मरण नको. एक मरण बास झालं ह्या घराला."

तवा सुदर्शन, आता तुझ्याजवळ झाकायला काय राहिलं न्हाई. माझी लाज तू दोन वर्षं खांद्यावर घेऊन डोंगर चढतोयस, ती उतरवून ठेव. मला कुणी भाईर काढलं तर म्यां तळेघरला जाईन, भावाचं पडकं घर हाय, नाचणीच्या भाकरीला कुणी न्हाई म्हणणार न्हाई. तू त्या दगडांवरनं गाडी घालू नको. घरी ये. माझ्याशी बोलू नको वाटल्यास. आदेश वाट बघतोय, मोठा हाय म्हणून तोंडानं सांगत न्हाई.

हे पत्र हाटेलात तुझी वाट बघत पडंल. तू वरनं उतरलास की तुझ्या हातात पडंल. उतरलास की. आरती, हे दोनदा लिही.

उतरलास की.

आता नीट ऐक. दस्तगीर पाच तारखेला हल्द्वानीहून माघारी निघतोय. त्याच्यापाशी खायचं काहीतरी दे. तुला यायला वेळ लागला तरी ते आधी आलं पाहिजे. दस्तगीर सांगतो तिकडं लिचीच्या बागा हायेत, पर ती वाटंत काळी पडती, ती नको. फुटाणे धाड. भट्टीवरचे, गरम असतानाच कागदात घाल, दुकानदाराला बांधू देऊ नको, तुझ्या त्या वाकड्या मनगटानं तूच सुतळी आवळ. गाठ वाकडी आली तर आमी समजू, तू उतरलास. दोन पुडकी कर. एक आरतीचं, किलोभराचं, त्याच्यावर तिचं नाव घाल. माझं पावशेर पुरे.